थांबण्याची हाक

वैशाली मॅडम गेल्याचा फोन आला आणि निपाणीला निघताना मी बायकोला म्हटलं, "मी आत जात न्हाय. बाहेरनंच नमस्कार करून येतो." ती चिडली. "असं कसं हो? घरच्यासारख्या होत्या त्या." मी उजवा हात तिच्यापुढं धरला. या हाताला दोन बोटं नाहीत. ती मॅडमच्या चुकीनं गेली, आणि हे त्यांनी स्वतःच साऱ्या कारखान्याला सांगितलेलं. त्यांच्या माणसांसमोर हा हात जोडायचा म्हणजे आज, त्या गेल्याच्या दिवशी, ती चूक पुन्हा उघडी करून दाखवायची... मला लाज वाटत होती. हाताची वाटायची ती जुनी लाज नव्हे, त्यांच्या वतीनं वाटणारी.

आमचा कारखाना मच्छे गावच्या औद्योगिक वसाहतीत. मी खानापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, लाईनवर ऑपरेटर. मॅडम निपाणीच्या; वडील तंबाखूच्या वखारीत पोती वाहायचे, आणि घरातली पहिली इंजिनिअर ही. आमच्या लाईनवरच्या प्रत्येक यंत्राला आपापला कॉम्प्युटर. एका यंत्रानं उचललेला लोखंडी भाग दुसऱ्यानं झेलायचा, म्हणून त्या सगळ्यांची घड्याळं तंतोतंत जुळलेली लागतात. एक जरा पुढं गेलं तर झेलणारा यायच्या आधीच उचलणारा सोडून देतो. ही घड्याळं जुळवणं मॅडमचं काम. शिवाय इंटरप्ट लावणं. ते काय असतं, असं मी एकदा चहा पिताना विचारलं, तर हसल्या. "परशराम, तुम्ही जेवताय आणि कुणी हाक मारली. घास तसाच टाकून उठायचं की संपवून, ते हाक कसली आहे यावर ठरतं, व्हय का न्हाय? कॉम्प्युटरला ते आधी शिकवून ठेवावं लागतं. कुठली हाक मोठी, कुठली ल्हान."

लाईनला एक नवं यंत्र जोडलं तेव्हा त्यांनी सगळी घड्याळं नव्यानं जुळवली. त्या वेळी घड्याळ जुळवण्याची हाक त्यांनी वर ठेवली आणि यंत्राचं संरक्षक दार उघडल्यावर ते थांबण्याची हाक तिच्या खाली. एरवी फरक पडला नसता. जुळवणी पापणी लवायच्या आत व्हायची. नव्या यंत्रामुळं ती लांबली. त्याच दुपारी एक भाग अडकला, मी रीतसर दार उघडलं, हात आत घातला. थांबण्याची हाक गेली होती, पण कॉम्प्युटर आपलं घड्याळ नीट करत बसला होता... आणि यंत्राचा हात खाली आला.

दवाखान्यात साहेब येऊन म्हणाले, "घाई करायला नको होती." मी मान हलवली. मलाही तसंच वाटत होतं. गावात काय सांगायचं, या विचारानं मी पडल्यापडल्या हात चादरीखाली ओढून घ्यायचो. त्याच आठवड्यात शिफ्ट बदलताना मॅडम लाईनवर सगळ्यांपुढं उभ्या राहिल्या. "परशरामनं नियम पाळला. चूक माझी. थांबण्याच्या हाकेवर मी दुसरी हाक बसवली." साहेब मागून कानडीत "साकु, साकु", पुरे पुरे, म्हणत होते, पण त्या पुरतं बोलूनच थांबल्या. माझ्यावरचा ठपका गेला. त्यांची बढती गेली, आणि बरेच दिवस त्यांच्या टेबलाशी कुणी चहा घ्यायला बसत नव्हतं.

मग त्या आमच्या गावी आल्या. त्या जमिनीकडं बघत बसलेल्या, मी हात टॉवेलखाली धरून. शेवटी माझी आईच म्हणाली, "बाई, पोरगं जित्तं हाय न्हवं? च्या घ्या." तेव्हा त्या रडल्या. त्या दिवसापासनं मी त्यांना आक्का म्हणू लागलो. पण इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या उजव्या हाताकडं कधी सरळ पाहिलं नाही. काही द्यायचं झालं तर माझ्या डाव्या हातात द्यायच्या.

निपाणीला मी ठरवल्याप्रमाणं दाराबाहेर उभा होतो, हात खिशात. आक्कांची आई आतून उठून आली. "तू परशराम न्हवं?" मी मान हलवली. "हात भाईर काढ रं. तिनं न्हाय लपवलं, तू कशापायी लपवतोस?" असं म्हणून म्हातारीनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मला तसंच सगळ्यांमधून आत नेलं. कुणाची नजर वळली की नाही, मला माहीत नाही. मी वर पाहूच शकलो नाही. आक्कांची चूक झाकायला निघालेलो मी... आणि त्या घरात झाकलेलं काही नव्हतंच.

आता कारखान्यातलं सांगतो. अपघातानंतर आक्कांनी एक शिरस्ता धरला होता. घड्याळात किंवा हाकांत काहीही बदल केला की लाईन चालू ठेवून एकेका यंत्राचं दार आधी त्या स्वतः उघडत, आणि यंत्र थांबलं की मगच आम्हाला बोलावत. परवा त्यांच्या माघारी पहिल्यांदाच घड्याळं जुळवली. नवे इंजिनिअर रिकामी लाईन चालू करून पडद्याकडं बघत म्हणाले, "सगळं बरोबर आहे. करा काम सुरू."

कुणी हललं नाही. आम्ही सगळे ऑपरेटर आपापल्या यंत्राशी उभे राहिलो. इंजिनिअरसाहेबांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. मग ते खुर्चीवरून उठले, पहिल्या यंत्रापाशी आले आणि त्यांनी दार उघडलं. यंत्र जागच्या जागी थांबलं.

"आता दुसरं, सर," मी म्हटलं.