कोणतं काम हवं?

त्याने सांगितलेलं मी लिहिलं नाही, ही चूक माझीच. भिलाईचा कारखाना उभा राहत होता आणि भरतीच्या टेबलावर मी लोकांचे अर्ज भरून देत होतो. ‘कोणतं काम हवं’ या रकान्याशी आलो, तेव्हा भंडाऱ्याकडचा तो उंच माणूस लाजत म्हणाला, “झाडं लावाचं लिवा, बाबू.”

“लोखंडाच्या कारखान्यात येऊन झाडं?” मी हसलो आणि ‘खलाशी’ लिहिलं.

“खलाशी? अन् इथं दर्या कोठी हाये?”

दोरखंडाने अवजड लोखंड वर चढवणाऱ्यांना इथे खलाशी म्हणतात, हे मी समजावलं. नोकरी पक्की होती. मी त्याचं भलंच करत होतो, निदान मला तसं वाटत होतं.

पुढे तो रोज दिसे. सुटी झाली की बाटलीतलं उरलेलं पाणी फाटकाजवळच्या कडुनिंबाच्या रोपाला घाली आणि पानांवरची लाल धूळ बोटाने हळूच पुसून काढी.

काही वर्षांनी कारखान्याला बागेच्या कामासाठी माणसं हवी होती. कोरा अर्ज घेऊन मी सेक्टर दोनमधल्या त्याच्या क्वार्टरवर गेलो.

“आता खरं सांगा, काय लिहू?”

त्याने कागद हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

“आता माही मर्जी कोणती अन् तुमी लिवलेली कोणती, थेच समजून नाई राहिलं, बाबू.”

मी पेनाला टोपण लावलं.

“भाऊ, माझं चुकलं. तुम्ही सांगितलं तेच मी लिहायला हवं होतं.”