मावशींची धुरी

भांडगावात बाळ जन्मलं की मावशींना बोलवायला जावं लागत नसे. बातमी लागली की त्या स्वतःच उंबऱ्यात हजर, आणि प्यायला पाणी मागायचं सोडून आधी शेगडी मागायच्या. नात्यानं त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या. बाळांना अंघोळ घालायचं त्यांचं काम, आणि धुरीच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द शेवटचा.

माझी सई झाली तेव्हा सासूबाईंनी त्यांनाच ठरवलं. पाय लांब पसरून त्या नडग्यांवर बाळ आडवं घ्यायच्या आणि तेल चोळता चोळता त्याच्याशी भांडायच्या. "डोळं कुणाला वटारतीस गं? तुझ्या बापालाबी ह्याच पायावर घेतलाय मी." अंघोळ झाली की दारं-खिडक्या बंद, निखाऱ्यांवर ओवा नि लसणीच्या साली, आणि त्या धुरावर सई. "धुरीबिगर बाळाचं अंग भरत न्हाई," हे त्यांचं पालुपद. मी खोकत बाहेर पळाले की हसायच्या.

थंडीत सईची छाती घरघरू लागली. मावशींना वाटलं सर्दी, म्हणून त्यांनी मायेनं धुरी वाढवली. एका सकाळी श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खड्डे पडू लागले, दूध ओढवेना. आम्ही तिला घेऊन माझ्या माहेरी, शिरूरला डॉक्टरांकडे पळालो. ते म्हणाले, एवढ्याशा फुफ्फुसांना कुठलाच धूर सोसत नाही, ओव्याचाही नाही. मग त्यांनी विचारलं, घराजवळ आणखी काय जळतं? जळत होतं ना! रस्त्यापलीकडच्या गुऱ्हाळात चिपाडांबरोबर जुन्या चपला आणि टायर.

मावशींना हे सांगायला माझी जीभ रेटेना. सांगितलं, तशी त्यांनी शेगडी परसात नेऊन पालथी केली आणि तिथंच बसून रडल्या. "माझ्या हातानं गं पोरी." मग डोळे पुसून तरातरा गुऱ्हाळावर गेल्या. मालकालाही लहानपणी त्यांनीच न्हाऊ घातलेलं. "म्या माझी धुरी बंद केली, आता तू तुझी कर," म्हणाल्या. तो मान खाली घालून म्हणाला, "नुसत्या चिपाडावर भागत न्हाई हो, मावशी." चार दिवस टायर थांबले, मग पुन्हा तोच काळा धूर.

शेवटी मावशीच मला म्हणाल्या, "शिरूरला बिऱ्हाड कर. नवऱ्यालाबी रांजणगावची कंपनी जवळ पडंल." निघताना सईनं त्यांचा पदर घट्ट धरला होता. तिची बोटं त्यांनीच सोडवली.

पुढं त्या गावाजवळच्या चौफुल्याहून एसटीनं भेटायला यायच्या. आल्या आल्या सईला घ्यायच्या नाहीत. "थांब, लुगड्याला चुलीचा वास हाय," म्हणत पिशवीतलं धुतलेलं लुगडं नेसायच्या, मगच तिला मांडीवर घ्यायच्या. खरं सांगू? मला त्यांचा तो धुराचा वासच आवडायचा. आजही कुठं ओवा भाजला की जीव कासावीस होतो.

त्या गेल्या, त्याच्या थोडं आधी अशाच आल्या होत्या. सई गल्लीच्या टोकापर्यंत पळत जाऊन आली. मावशींनी तिला जवळ ओढून तिच्या पाठीला कान लावला.

"काय ऐकताय, मावशी?" मी विचारलं.

"कायबी वाजत न्हाई गं," त्या हसून म्हणाल्या. जन्मभर बंद खोल्यांतून धुरी दिलेल्या त्यांच्या छातीची घरघर मात्र मला दारातून ऐकू येत होती.