मला विचारा

“ऊठ तिथून. शुभाला बसू दे. तू दाराशी थांब, तिला अडलं तर सांग.”

मॅडमनी म्हटलं आणि मी उठले. अड्याळ गावाहून शुभा आणि मी नुकत्याच परतलो होतो. निदान आज तरी आपला नंबर लागेल म्हणून मी आधी जाऊन खुर्ची धरली होती.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भंडाऱ्याच्या एका संस्थेत आम्ही दोघी शिकाऊ समुपदेशक. महारोग झालेल्यांच्या घरी जायचं, घरच्यांशी बोलायचं, परत येऊन मॅडमसमोर बसायचं. मॅडम आमच्या पर्यवेक्षक. भेटीत काय झालं ते ऐकून त्या विचारायच्या, “तुला काय वाटलं?” समुपदेशक याच प्रश्नातून घडतो, असं त्याच म्हणायच्या. शुभाला दर वेळी विचारायच्या. मला कधीच नाही.

शुभा नागपूरची, मोठ्या घरची. तिला इकडची बोली कळत नसे. मी पवनीकडची, बौद्ध वस्तीतली. म्हणून गावात बोलायची मी आणि भंडाऱ्यात बोलायची शुभा. “तुमच्यातल्या बायकांशी तुला बोलता येतंच. त्यात शिकायचं काय?” मॅडम म्हणायच्या.

जळायचे मी शुभावर. खोटं कशाला बोलू? मॅडम तिच्यासाठी चहा थांबवून ठेवायच्या. तिची बस चुकावी, तिला ताप यावा, असं मनात यायचं.

अड्याळची ती बाई. हातावर चट्टा दिसला म्हणून नवऱ्यानं माहेरी आणून टाकलेली. माझा हात धरून रडली, “मले माह्या पोराले शिवू देत नाही वो बाई.” परतताना बसमध्ये मी शुभाला म्हटलं, मला माझी आजी आठवली. तिच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे.

आणि आता दाराशी उभी राहून मी ऐकते, तर शुभा सांगतेय, “मॅडम, मला असं वाटलं, कुणाच्या तरी ओंजळीत वरून पाणी ओततायत.”

“वा! किती आतून जाणवलं गं तुला!”

अंगाची आग झाली. माझी आजीसुद्धा नेली हिनं!

मी आत गेले. कोपऱ्यातलं स्टूल ओढून दोघींच्या मध्ये बसले. मॅडमशी मी नेहमी पुस्तकातली भाषा बोलायचे. त्या दिवशी घरची बोलले.

“ते पाणी माह्या आजीच्या ओंजळीत पडे, मॅडम. बाई माह्यासमोर रडली. मले विचारा.”

शुभानं मान खाली घातली.

“तू मदतीला आहेस,” मॅडम म्हणाल्या. “बाहेर थांब.”

“मदत संपली. आता गावात शुभाले एकटीले पाठवा.”

“आणि तुझं प्रशिक्षण?”

“तेच मांगून राहिली. इथून उठत नाही.”

चहा आला. मॅडमनी कपाला हात लावला नाही, शुभानंही नाही. मला काय वाटलं, हे विचारल्याशिवाय मी ते स्टूल सोडणार नव्हते.