तळहातावरची फुंकर

बोलता बोलता सर शर्टाच्या खिशातून भाजलेले शेंगदाणे काढायचे, तळहातावर अंगठ्याने चोळायचे आणि हलकेच फुंकर मारायचे. तांबूस फोलपटं उडून जात. "बघा मॅडम, दाणा राहतो, फोलपट जातं. जगाचा हिशेब एवढाच."

लातूरच्या आमच्या गल्लीत डाळमिलचा कोरडा, गोडसर वास दिवसभर तरंगत असतो. त्या वासात ही फुंकर इतकी सहज मिसळून जाई, की पहिली काही वर्षं मला ती सुंदर वाटत असे.

सर माझ्या घरासमोरच फिजिक्सचे क्लास घेत. खाली वर्ग, वर मुलींच्या राहायच्या खोल्या. त्या खोल्यांची देखभाल त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे. सर शिकवू लागले की माझ्या खिडकीशी आलेला त्यांचा आवाज ऐकत मी मराठीचे पेपर तपासायचे विसरून जात असे. गुरुत्वाकर्षण सांगताना तो आवाज कसा जड होई! तुम्हीही आयुष्यात असा एखादा शिक्षक ऐकला असेल.

भूकंपात त्यांचं औशाकडचं गाव ढिगारा झालं, आई-वडील गेले. कॉलेजात शिकणारे सर दगडामातीखाली होते. आसपासच्या गावांची माणसं ओळीने उभी राहिली, दगड हातोहात बाजूला झाले आणि दुपारच्या उन्हात सर बाहेर आले. "तोंडात मातीची चव होती," ते मला एकदा म्हणाले होते. "ते हात कोणाचे होते, मला आजही माहीत नाही, मॅडम." हे सांगताना त्यांच्या तळहातावर शेंगदाणे नव्हते. तो नुसता उघडा होता.

मग त्यांच्या फोनमध्ये समुद्रापारचा एक अब्जाधीश आला.

नव्या तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत पैसा गुंतवून तो अफाट श्रीमंत झाला होता आणि आता जग कसं चालावं हे सांगत फिरत होता. जग मोजकी असामान्य माणसं घडवतात, बाकीची गर्दी. गर्दीच्या मताने राज्य चालतं, तिथे प्रगती अडते. कॉलेजात वर्षं घालवणं व्यर्थ. आणि मरण हा एक बिघाड आहे, तो दुरुस्त करता येईल. सरांनी दारावर त्याचं भलंमोठं चित्र लावलं. नव्या फ्लेक्सचा रासायनिक वास डाळीच्या वासावर चढला आणि त्या आठवड्यात मी खिडकी बंद ठेवू लागले.

कॉलेजप्रवेशासाठी चालणाऱ्या क्लासच्या दारात कॉलेज व्यर्थ म्हणणाऱ्याचं चित्र! पण कोणाला त्याचं काही वाटलं नाही. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर पालकांचं बोलणं मी स्वतः ऐकलं आहे.

"मरण बंद करून राहिला म्हणे तो."

"आधी आमच्या जळकोटची एसटी वेळेवर आणा म्हणावं. मरणाचं मग बघू."

"हसू नका. एवढा पैसा उगीच येतो का? डोकं हाय म्हणूनच ना!"

"कॉलेज बिनकामाचं म्हणतो की तो. मग तुम्ही पोरीला इथं कशापायी घातली?"

"आमचं वेगळं हाय. तिला डॉक्टर व्हायचंय."

सगळे हसले. मी मात्र चहा अर्धाच ठेवून उठले. पैशापुढे इतक्या सहज वाकणाऱ्या माना पाहून जी किळस आली, ती जिभेवर कडवट तेलासारखी बसली, आणि अजून आहे.

दिवाळीनंतर सरांनी जाहीर केलं, की यापुढे फक्त जास्त गुणांची पहिली तुकडी राहील. कुठल्याशा कंपनीला त्यांची व्याख्यानं हवी होती. वरच्या खोल्यांत चित्रीकरण होणार होतं. दुसऱ्या तुकडीतल्या मुलींनी घरी जावं. उदगीरहून आलेली माझी भाची त्यांच्यातच होती. वर्षाच्या मध्यावर कुठला क्लास दारात उभं करणार? आणि आपल्याकडे मुलीचं वर्ष वाया गेलं, की घरात पुस्तकांआधी स्थळं येतात.

मी सरांकडे गेले. ते ओट्यावर बसून शेंगदाणे चोळत होते. "मॅडम, तुम्ही कवितेचं माणूस," ते प्रेमाने म्हणाले. "तुम्हाला फोलपटाचीही दया येते."

अक्का दारात होत्या. "काय रं," त्या म्हणाल्या, "त्या दिशी लोकांनी अशीच फुंकर मारली असती तर? खाली दाणा हाय का फोलपट, बघत बसले असते तर?"

"अक्का, तो काळ वेगळा होता."

"हाव. तवा माणसं होती."

सर हसले. त्या हसण्यात अजूनही ते जुने, आवडते सर होते. म्हणूनच ते मला अधिक असह्य झालं.

मुली निघाल्या त्या सकाळी अरुंद जिन्यात त्या आपसूक ओळीने उभ्या राहिल्या. गाद्या, पत्र्याच्या पेट्या, पुस्तकांच्या गोण्या हातोहात खाली येऊ लागल्या. कोणी रडत नव्हतं. फक्त पत्रा भिंतीला घासल्याचा आवाज येई. सर्वांत खाली अक्का, त्यांच्या वर मी, माझ्या वर भाची. सर वरच्या पायरीवर उभे. एक जड पेटी त्यांच्याजवळच अडली. तिथे एक हात कमी पडत होता.

सर त्या पेटीकडे बघत राहिले. मग ओळीकडे, आमच्या हातांकडे. त्यांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. ओठ हलले, जणू तोंडात कसलीशी चव आली. त्यांचा हात पुढे आला, तळवा उघडला. 

पेटीच्या कडेवरची धूळ त्यांच्या तळहाताला लागली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हलकेच फुंकर मारली आणि ते आत निघून गेले.

सर आता पुण्यात असतात. मोठं नाव झालं आहे. अक्का त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. भाचीचं लग्न वैशाखात झालं. समोरची इमारत बंद आहे, फ्लेक्स उन्हाने विटला आहे, आणि मी भाजलेले शेंगदाणे सालीसकट खाते.