काखेत पाय घेऊन गाडीबाजारात

माझी ताई जुनी गाडी बघायला गेली तेव्हा तिच्या काखेत एक पाय होता. खोटा, गुडघ्यावरून बसवायचा, पावलासकट. जुन्या गाड्या विकणारा माणूस आमचं स्वागत करायला हसत पुढे आला आणि अर्ध्या वाटेत थबकला. मी त्याच्या जागी असतो तर दुकानाचं शटर खाली ओढलं असतं.

ताई कृत्रिम पाय बनवते. आमच्या गावातल्या इस्पितळामागे तिची कार्यशाळा आहे. दोन खोल्या, एक भट्टी, आणि सगळीकडे प्लॅस्टरची पांढरी धूळ. महिन्यातून दोन गुरुवार ती एकशे सत्तर किलोमीटरवरच्या एका लहान केंद्रात जाते. तिथल्या लोकांची मापं घ्यायची, आधी बनवलेले पाय चढवून बघायचे, दुरुस्त्या करायच्या. तिथे हे काम करणारं दुसरं कुणी नाही.

घरात एक गाडी आहे, पण ती भावजींची. भावजी पाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटवर पाळीत काम करतात आणि त्यांच्या पाळ्या कधी बदलतील ते त्यांच्या साहेबालाही सांगता येत नाही. एका गुरुवारी ताई बसने गेली. कंडक्टरने तिच्या पिशवीवर कुणाची तरी बॅग टाकली, पावलाचा कोन सरकला, आणि ज्याच्यासाठी तो पाय नेला होता त्या गवंडीकाकांना तो न देताच ती परत आली. पुढच्या खेपेला भावजींना अचानक पाळीवर जावं लागलं, तिचं जाणं रद्द. त्याच्या पुढच्या खेपेला भाड्याची गाडी सांगितली, ती सकाळी सहाऐवजी अकराला आली. दोन खेपा बुडाल्यावर केंद्राच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बाई वाईट नाहीत, पण सरळ बोलतात. तिसरी खेप चुकली तर केंद्रातलं हे काम बंद करून लोकांना तुमच्या गावी पाठवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. एका पायावर एकशे सत्तर किलोमीटर कोण येणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि ताईलाही.

फोन ठेवून ताई म्हणाली, "मला गाडी हवी. माझी. तीन आठवड्यांत."

भावजींनी चहाचा कप खाली ठेवला. महिन्यातून दोनदा चालणार आणि अठ्ठावीस दिवस दारात उभी राहणार, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं त्यांचं मत पडलं. ताईने वाद घातला नाही. तिने एक रक्कम सांगितली, दुरुस्तीसकट, आणि त्याच्या वर एक पैसा जाणार नाही म्हणाली. भावजींनी कप पुन्हा उचलला. ताईने आकडा ठरवला की तो बदलत नाही, हे त्यांना लग्नाआधीपासून माहीत आहे.

गाडी शोधायचं काम माझ्याकडे आलं. कारण मला गाड्यांतलं कळतं, असा माझा घरात दबदबा होता. होता म्हणतो, कारण आता नाही. मी चार दिवस फोन फिरवले आणि एक लाल, लहानशी, चकचकीत गाडी शोधली. पाच वर्षांची, एकाच मालकाची, तेल कमी खाणारी. घासाघीस केली, ताईच्या आकड्यात बसवली आणि विकणाऱ्याला शब्दही देऊन टाकला. आता फक्त ताईने येऊन मान डोलवायची होती.

ताई आली ती काखेत पाय घेऊन. बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. थेट मागे गेली, डिकी उघडायला लावली आणि पाय आडवा ठेवला. मावेना. तिरका ठेवला तर मावला. विकणारा म्हणाला, मागची सीट पाडली की झालं. ताईने सीट पाडली, पाय सरळ ठेवला, मग प्लॅस्टरच्या पोत्यासाठी आणि अवजारांच्या पेटीसाठी जागा शोधायला लागली. ती नव्हती.

मग ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि घड्याळ बघितलं. मी विचारलं, चक्कर मारायची ना? तर म्हणाली, आधी चाळीस मिनिटं बसते.

हे तिच्या धंद्यातलं आहे. कुणाला नवा पाय चढवला की ती त्याला चाळीस मिनिटं चालवते, बसवते, जिना चढवते. मग पाय काढून कातडी बघते. सॉकेटमुळे, म्हणजे पाय ज्यात बसतो त्या वाटीमुळे, आलेली लाली दहा मिनिटांत गेली तर ठीक. नाही गेली तर माणूस कितीही "मस्त आहे" म्हणो, ती पाय त्याच्या हातात देत नाही.

चाळीस मिनिटं आम्ही दोघे पुरुष उन्हात उभे होतो. विकणारा मधूनमधून माझ्याकडे बघायचा, मी दुसऱ्या गाड्यांकडे. ताई क्लच दाबत होती, सोडत होती. वेळ झाल्यावर उतरली, डाव्या गुडघ्यामागे हात फिरवला आणि पुन्हा घड्याळ लावून उभी राहिली. दहा मिनिटांनीही पायातल्या मुंग्या गेल्या नव्हत्या. सीटची कड गुडघ्यामागे रुतत होती.

"नको," ती म्हणाली.

माझं डोकं सणकलं. मी शब्द दिला होता, माझी इज्जत गेली. परतताना मी तिला नाही नाही ते बोललो. गाडी ही गाडी असते, तिला काय पट्टे बांधून चालवून बघायचंय का, असंही म्हणालो.

ताई शांतपणे म्हणाली, "पेशंटही पहिल्या पाच मिनिटांत मस्त आहे म्हणतो. त्याला घरी जायची घाई असते. तुला सौदा उरकायची घाई आहे. मला सहा तास चालवायचंय आणि मधे दिवसभर उभं राहायचंय."

मी दोन दिवस फुगून बसलो.

त्या दोन दिवसांत तिने एकटीने चार गाड्या बघितल्या. सगळ्या नाकारल्या. एका विकणाऱ्याने तर फोन उचलायचं बंद केलं. गुरुवार नऊ दिवसांवर आला तेव्हा मीच गेलो तिच्यासोबत, एका फूलवालीकडे. तिची गाडी तेरा वर्षांची, फिक्या हिरव्या रंगाची, मागून लांबलचक. दारावर ओरखडे, एसी मेलेला, आत ओल्या पानांचा वास. ताईने पाय मागे ठेवला. तो सरळ झोपला, शेजारी पोतं आणि पेटीही मावली. मग ती चाळीस मिनिटं बसली आणि फूलवाली खिडकीशी उभी राहून धंदा का बंद केला ते सांगत राहिली. उतरल्यावर ताई दहा मिनिटं नुसती उभी राहिली. मग मला म्हणाली, मेकॅनिकला बोलव.

मेकॅनिकने इंजिन ठणठणीत सांगितलं. पुढचे टायर आणि ब्रेकचे पॅड बदला म्हणाला. सगळं धरून ताईच्या आकड्याच्या आत बसलं. भावजींनी गाडीला एक चक्कर मारली आणि फक्त "रंग चांगला आहे" एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे सत्कारच.

त्या गुरुवारी मी रजा घेऊन तिच्याबरोबर गेलो. सकाळी सहाला निघालो. मधे पुलाचं काम होतं, चाळीस किलोमीटरचा वळसा पडला. मी म्हटलं, आता कुठे पोहोचतो, फोन करून टाक. ताईने फोन केला, पण येत नाही सांगायला नव्हे. उशीर होईल, कुणाला सोडू नका, असं सांगून तिने फोन माझ्या मांडीवर टाकला आणि गिअर बदलला.

नऊऐवजी साडेदहाला पोहोचलो. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर एक टाइप केलेलं पत्र होतं. त्यांनी ताईकडे बघितलं, तिच्या मागून पाय घेऊन येणाऱ्या माझ्याकडे बघितलं आणि पत्र ड्रॉवरमध्ये सरकवलं. अकरापैकी चार जण कंटाळून गेले होते. गवंडीकाका बाकावर बसून होते, कुबड्या शेजारी.

ताईने त्यांना दुरुस्त केलेला पाय चढवला. चाळीस मिनिटं चालवलं, जिना चढवला, पाय काढून कातडी बघितली. लाली उतरेपर्यंत थांबली आणि पाय परत चढवला.

काका खाली मान घालून म्हणाले, "बाई, मुकादमाने दोन महिने माझी जागा धरून ठेवलीय. तुमचं येणं पक्कं नसेल तर आत्ताच सांगा. पाय बिघडला तर मी काय करू? त्याला म्हणतो, दुसरा माणूस बघ."

"खाली हिरवी गाडी उभी आहे," ताई म्हणाली. "ती माझी आहे. मुकादमाला सांगा, सोमवारी येतो."

काकांना ते खरं वाटेना. ते उठले, खोली ओलांडून खिडकीशी गेले आणि वाकून खाली बघत राहिले. कुबड्या बाकापाशीच राहिल्या होत्या.