सिद्रामच्या शर्टाची उजवी बाही

आमच्या शेडमध्ये रबराचा चुरा रोज झाडावा लागतो. झाडून पाठ फिरवली की पुन्हा तेवढाच साठतो. किश्श्यांचंही तसंच आहे. जुने सांगून संपवावेत म्हटलं, तर तोवर गेटातून नवा आत आलेला असतो.

परदेशात रबर टेक्नॉलॉजी शिकून सोलापूरला परतले, तेव्हा डोक्यातलं चित्र अगदी स्वच्छ होतं. गिऱ्हाईक आपल्या कन्व्हेयरची, म्हणजे माल वाहून नेणाऱ्या पट्ट्याची, माहिती आणेल. माल ओला की कोरडा, गरम की गार, पट्ट्यावर ताण किती. मी तक्ता उघडून कुठलं लॅगिंग चढवायचं ते सांगेन. लॅगिंग म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या लोखंडी पुलीवर चिकटवलेलं रबराचं कातडं. ते चुकीचं निवडलं की पट्टा घसरतो. साधं, खाचांचं, सिरॅमिकचं, प्रत्येकाचं काम वेगळं.

प्रत्यक्षात अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ऑर्डरबुकात पानोपान एकच शब्द होता. 'जुन्यासारखं.' जुनं का फाटलं, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मी विचारायचं ठरवलं.

* * *

चौदा प्रश्नांचा फॉर्म छापला. तो भरल्याशिवाय टेम्पोतून पुली उतरवायची नाही, असं सगळ्यांना सांगून टाकलं. पहिला फॉर्म आला अक्कलकोट रोडच्या एका खडी क्रशरवाल्यांचा. चौदाच्या चौदा उत्तरं एकाच शब्दात. मालाचं तापमान? होय. पट्ट्याचा वेग? होय. पुली कोणत्या दिशेनं फिरते? होय.

मी फोन केला. ते अगदी अजिजीनं म्हणाले, "ताई, तुमी एवढं कष्टानं विचारलंय. न्हाय कसं म्हणायचं?"

* * *

रेवप्पामामा मूळचे मैंदर्गीचे. आमच्या शेडमध्ये पुल्यांना रबर चढवण्यात त्यांची हयात गेली. रबर किती कडक आहे, हे ते अंगठ्याचं नख रुतवून सांगतात. मी त्यासाठी मीटर आणलं, तर न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं दोन दिवस त्याच्याकडे बघत होते. शेवटी पैज लागली. मामा म्हणाले साठ. मीटर म्हणालं अठ्ठेचाळीस. रबराच्या गुंडाळीवरचं लेबल काढून पाहिलं, तर तिथंही अठ्ठेचाळीस.

मामांनी अंगठा नीट निरखला. "कालच नखं काढली की, अक्का. आज आमचं मीटर बंद हाय."

तेव्हापासून उजव्या अंगठ्याचं नख ते वाढू देतात आणि दर सोमवारी माझ्या मीटरशी ताडून घेतात. नखाची तपासणी कधी चुकत नाही. मीटरची तपासणी मात्र मीच विसरते.

* * *

एका वाळूवाल्यांचा पट्टा ओल्या मालानं सारखा घसरायचा. त्यांना सिरॅमिकचं लॅगिंग हवं, हे मी तासभर नमुना दाखवून पटवलं. रबरात बसवलेले ते पांढरे चौकोन ओला पट्टाही घट्ट पकडतात. त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले. वहिनींनी नमुना उलटासुलटा करून पाहिला आणि ह्यात मोरपंखी रंग येतो का, म्हणून विचारलं. नाही येत, म्हटलं.

"मग ऱ्हाऊ दे," वाळूवाले म्हणाले. "साधंच चढवा."

* * *

आता सिद्राम. आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाकडे, एका साखर कारखान्यात, तो फिटर आहे. गाव मंद्रूप. रस काढून उरलेलं ओलं चिपाड बॉयलरकडे नेणारा पट्टा त्याच्याकडे. पुलीला वर्षानुवर्षं साधं रबर. पट्टा घसरला की सिद्राम पुलीवरची संरक्षक जाळी काढतो आणि चालू पुली आणि पट्टा यांच्या फटीत हातानं राळेची पूड टाकतो. चिकटपणानं पट्टा पुन्हा धावतो. हात आणि फट यात वीतभरच अंतर.

मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्याच्या शर्टाला डावी बाही पूर्ण होती, उजवी खांद्यापासून कापलेली.

"अडकत न्हाय मग, म्याडम," तो म्हणाला. "सेफ्टी."

त्याचे सगळेच शर्ट तसे झालेत. मुलीच्या लग्नाच्या फोटोत तो एका अंगाला वळून उभा आहे. फक्त डावी बाजू दिसते.

* * *

त्याच्यासाठी मी तिरक्या खाचांचं लॅगिंग निवडलं. खाचांमधून पाणी बाहेर फेकलं जातं, पण पुली ठरलेल्या दिशेनंच फिरली पाहिजे. म्हणून पुलीच्या एका तोंडावर भलामोठा पिवळा बाण रंगवला. गाळप सुरू झालं आणि आठवड्यात फोन आला. पूर्वीपेक्षा जास्त घसरतंय.

धावत गेले. पुली उलटी बसवलेली. शाफ्ट दोन्हीकडे सारखा, त्यामुळे ती उलटीही बसते. बाणावर हळदकुंकू, हार.

"हंगामाची पूजा व्हती की," सिद्राम म्हणाला. "सरळ बसवली तर बाण भिंतीकडं जातोय. भिंतीकडं तोंड करून कुणी पूजा करतंय व्हय?"

पुली काढून सुलटी बसवायला पट्टा थांबवावा लागणार होता, आणि गाळप कुणी थांबवेना. सिद्रामनं पूर्ण हंगाम राळ टाकली. माझ्या बाणामुळे, पूर्वीपेक्षा जास्त.

* * *

हंगाम संपला. पुली आमच्याकडे आली, सोबत ऑर्डर. 'जुन्यासारखं. साधं.'

मी शंकरपाळ्याच्या आकाराच्या खाचांचा नमुना घेऊन कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्यांकडे गेले. हे कुठल्याही दिशेनं फिरवा, कशीही पूजा करा, पाणी निघतंच, म्हटलं. माझी चूक मीच पहिल्यांदा कबूल केली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. खाचांचं रबर फेल गेलेलं आहे, असं फाईलला लागलंय, म्हणाले. शिवाय साध्या रबरावर आजवर एकही अपघात झालेला नाही.

खिडकीतून आवारात उभा असलेला सिद्राम दिसत होता. मी साहेबांना त्याचा शर्ट दाखवला.

साहेबांनी चष्मा वर केला, पाहिलं. "शर्ट ही त्याची वैयक्तिक बाब आहे."

घरी अप्पा जेवताना एवढंच म्हणाले, की हे गिऱ्हाईक गेलं तर शेडचा अर्धा भाग रिकामा राहील. मी म्हटलं, राहू दे. त्यांच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

सकाळी मामांनी साध्या रबराची गुंडाळी उलगडायला घेतली होती. ती मी परत बांधायला लावली. मग फॉर्मवरचे चौदा प्रश्न खोडले, खाली एकच लिहिला आणि साहेबांच्या नावानं पाठवून दिला. उत्तर लेखी, सहीनिशी आल्याशिवाय ह्या पुलीला साधं रबर चढणार नाही.

'पुलीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या शर्टाला बाह्या किती?'

त्याच्याखाली जाड अक्षरात आणखी एक ओळ घातली.

'होय हे उत्तर चालणार नाही.'