आईच्या तोंडावरचा कोळसा

मॅनेजरनं आईची हनुवटी धरली आणि तिचं तोंड उजेडाकडं वळवलं. दुसऱ्या हातात वाटी. वाटीत तंदूरमधला कोळसा, कुटून खोबरेल तेलात कालवलेला. त्यानं दोन बोटं बुडवली आणि आईच्या गालावरून खाली ओढली. मग कपाळावर. मग नाकावर.

"लाइटात काळं दिसत नाही बघ," तो म्हणाला. "फोटोत सगळं तपकिरी येतंय. गेस्टना काळं पाहिजे की."

माझी आई सिद्दी. मी सिद्दी. जन्मभर लोकांनी आम्हाला काळ्या म्हणूनच हाका मारल्या. आणि हा माणूस सांगत होता की आम्ही पुरेशा काळ्या नाही.

रिसॉर्टच्या स्वयंपाकघरामागं कांद्या-बटाट्याची पोती ठेवायची खोली होती. तिथं आई उभी होती. डोळे मिटून. दोन्ही हात अंगाशी घट्ट. नातवंडं खेळवायच्या वयाची बाई. साडीवरून तिला प्लॅस्टिकच्या पानांचा घागरा बांधला होता. गळ्यात खोट्या हाडांची माळ. मी दारात उभी राहून बघत होते.

त्या दारात मी काय केलं ते सांगते. पण आम्ही तिथं पोचलो कशा, ते आधी सांगायला पाहिजे.

सिद्दी म्हणजे कोण, हे पुष्कळांना माहीत नसतं. आमच्या पूर्वजांना कित्येक पिढ्यांमागं आफ्रिकेतून जहाजात कोंबून गोव्यात आणलं. गुलाम म्हणून. त्यातले जे पळाले ते घाट चढून कन्नड मुलखातल्या या जंगलात शिरले. आमची घरं जोयडा तालुक्यात, कुंभारवाडा गावाच्या पलीकडं, झाडीत. भातशेती दुसऱ्याची, हात आमचे. इथंच जन्मलो, इथंच पुरले गेलो. मराठी बोलतो, कोंकणी बोलतो, कन्नड बोलतो. तरी बस थांब्यावर कोणी तरी विचारतंच, कुठल्या देशाची?

मराठी शाळेत मी काळी होते. पुढं कन्नड शाळेत गेले तर तिथं कप्पु झाले. कप्पु म्हणजेही काळीच. मागच्या बाकावरच्या मुली माझ्या केसांत पेन्सिली खोचायच्या. कुरळे, दाट केस. पेन्सिल पडायची नाही. कोणाच्या जास्त राहतात, अशी पैज लागायची. एकदा गुरुजींनी बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "अगं, हिच्या डोक्यात अख्खी कंपासपेटी मावेल." वर्ग हसला. मीही हसले. मी न हसता बसले असते तर ते आणखी हसले असते, एवढं मला त्या वयातही कळत होतं.

दांडेलीला वसतिगृहात राहून मी बीए केलं. आमच्या वाडीतली बीए झालेली पहिली मुलगी. नदीकाठच्या रिसॉर्टला स्थानिक मुली पाहिजेत असं कळलं. माझा भाऊ, अण्णा, तिथंच जीप चालवायचा. पाहुण्यांना जंगल दाखवायचा. त्यानं शब्द टाकला. रिसेप्शनला घेतो म्हणाले. मी निळी साडी नेसून गेले. मालक गाडीतून उतरले, त्यांनी मला बघितलं आणि माझ्यासमोरच मॅनेजरला म्हणाले, "हिला मागं ठेवा. गेस्ट दचकतील."

मागं म्हणजे धोबीखान्यात. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. दुसऱ्यांच्या अंगाचा वास.

कधी नाश्त्याला माणूस कमी पडलं की मला पुढं बोलवायचे. एकदा शहरातली एक बाई चहा घेता घेता म्हणाली, "केस खरे आहेत?" उत्तर द्यायच्या आत तिचा हात माझ्या डोक्यात होता. तिनं चिमटीत धरून ओढून बघितलं. मग मुलीला बोलावलं, "ये, हात लावून बघ, किती मजेशीर." कुत्र्याच्या पिलाला हात लावतानाही माणूस मालकाला विचारतो, चावत नाही ना? मला कोणी विचारलं नाही.

मग मालकांच्या डोक्यात डान्स आला.

आमचा ढोल म्हणजे दमाम. तो आम्ही वाडवडिलांच्या पूजेला काढतो. आमच्यात त्यांना हिरियारू म्हणतात. सुगी झाली की दमाम वाजतो, बाया गातात, नाचतात. आई सगळ्यांच्या पुढं. ती सासवांच्या नकला करते, फॉरेस्टच्या गार्डाची नक्कल करते, लोक हसून लोळतात. त्या दिवशी ती कोणाचंच ऐकत नाही.

हे अण्णानं जीपमध्ये कुणा पाहुण्याला सांगितलं. पाहुण्यानं मालकाला सांगितलं. आणि मागं ठेवलेली तोंडं संध्याकाळी पुढं आणायचं ठरलं.

पुरुषांना पँट दिली. बायकांना पानं. मी विचारलं, आम्ही साडीत नाचतो, साडीत चालणार नाही का? मॅनेजर म्हणाला, "साडीत कोण बघायला येतंय?" त्यानं आणखी शिकवलं. मधे मधे हू हू ओरडायचं. डोळे मोठे करायचे. आणि गेस्टसमोर बोलायचं नाही. "मराठीत तर अजिबात नाही. मजा जाते."

तोच माइकवर सांगायचा, "थेट आफ्रिकेच्या जंगलातून!"

एका संध्याकाळी नाच संपल्यावर एक माणूस फोटोला म्हणून शेजारी आला. हात माझ्या कमरेवर. फोटो झाला. हात राहिला. खाली सरकला. मी ढकलला. तो मित्राकडं बघून हसला आणि म्हणाला, "अरे, ह्यांच्यात चालतं सगळं."

मराठीत म्हणाला. मला कळत नाही असं समजून. मला शब्द न् शब्द कळत होता आणि मला बोलायची मनाई होती. पानांचा घागरा नेसलेली मी, डोळे मोठे करून उभी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "फोटोपुरतं लावला असेल हात. तुमच्या बायका धट्ट्याकट्ट्या, तुम्हाला काय होतंय?" अण्णाला सांगितलं. तो जीप पुसत होता. पुसायचा थांबला नाही.

"झिजलीस काय?" म्हणाला. "गप ऱ्हा. माझी जीप जाईल."

मॅनेजरच्या लेखी मी सिद्दीण. अण्णाच्या लेखी मी बाई. दोघांचं उत्तर मात्र एकच. गप बस.

मी गप बसले. नाचत राहिले. घरी आईला म्हटलं, कपडे धुते, बाकी काही नाही. आई माझ्याकडं बघायची आणि भात वाढायची.

मग मॅनेजरला म्हातारी पाहिजे झाली. टोळीची राणी. खुर्चीवर बसेल, पाहुण्यांच्या डोक्यावर हात ठेवेल, जीभ काढून दाखवेल. अण्णा मला न सांगता आईला जीपमध्ये घालून घेऊन आला. मी चादरींना इस्त्री करत होते. आचारी येऊन म्हणाला, "तुजी आई आल्या. मागच्या खोलीत हाय."

मी गेले. दारात पोचले तेव्हा त्याची बोटं आईच्या गालावर होती.

मला राग आला असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग नंतर आला. तेव्हा एकदम सगळं साफ दिसायला लागलं. ही खोली. ही वाटी. हा हात. हे कोणीही वरून पाठवलेलं नाही. हे एक माणूस करतोय आणि मी बघतेय.

मी आत गेले. पिंपातून तांब्याभर पाणी घेतलं. आईसमोर उभी राहिले आणि पदर भिजवून तिचं तोंड पुसायला लागले. तेलातला कोळसा. निघेना. पसरायला लागला. मी परत पाणी घेतलं.

"ए, काय करतीस?" मॅनेजर म्हणाला. "गेस्ट येऊन बसलेत!"

आई डोळे न उघडता म्हणाली, "असू दे गो. एवढं झालं की जाऊया."

"न्हाई," मी म्हटलं. "आत्ताच जायचं."

मॅनेजरनं माझं मनगट धरलं. मी सोडवून घेतलं. धोबीखान्यात ओल्या चादरी पिळून पिळून माझे हात तयार झाले होते. तो दोन पावलं मागं गेला.

आईचा घागरा सोडला, माळ काढली, तिला हाताला धरून बाहेर अंगणात आणलं. अजून ऊन होतं. पाहुणे वेताच्या खुर्च्यांवर चहा-भजी घेऊन बसलेले. समोर अण्णा दमाम घेऊन बसलेला. मी मधोमध थांबले. बोलले. मराठीत.

"आम्ही आफ्रिकेतनं आलेलो न्हाई. आम्ही कुंभारवाड्याकडचे. ही माझी आई. हिच्या तोंडाला ह्यांनी कोळसा फासला. मी बीए हाय. मला इथं मराठी बोलायची बंदी हाय, कारण तुमची मजा जाते. माझ्या अंगाला हात लावणारा माणूस तुमच्यासारखाच ह्या खुर्चीवर बसला होता. आजपासून आम्ही नाचणार न्हाई."

एक बाई आनंदानं म्हणाली, "अय्या, किती छान मराठी बोलते!"

आणि टाळ्या वाजल्या.

त्यांना वाटलं हा कार्यक्रमच आहे. मॅनेजर धावत आला, माइक घेतला, हसला. "हा पण आपल्या प्रोग्रामचा भाग!" मागून कोणी तरी ओरडलं, "मग डान्स कधी?"

मी भावाकडं वळले. "अण्णा, ऊठ. जाऊया."

मॅनेजरनं त्याला खूण केली. वाजव.

अण्णानं मान खाली घातली. आईकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं नाही. आणि वाजवायला सुरुवात केली. पाहुण्यांनी ठेका धरला. हिरियारूंचा दमाम पाठीमागं वाजत होता आणि आम्ही दोघी फाटकातून बाहेर पडलो.

बस नव्हती. आम्ही चालत निघालो. आईच्या कानामागं, गळ्याच्या वळीत कोळसा तसाच होता. बरंच चालल्यावर ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली.

"सावकाराच्या दारात मी लई वाकले," ती म्हणाली. "मागल्या दारानं गेले, ओंजळीत पाणी प्याले. तवा बघायला तू झाली न्हवतीस. आज तू दारात आलीस ते पायांच्या आवाजावरनं वळकलं. म्हणून डोळे मिटले."

मी तिच्या पायाशी बसले आणि रडले. ती रडली नाही. म्हणाली, "रडून काय हुतंय? आता काय करतीस ते सांग."

पोलिसांकडं जाते म्हटलं.

ठाण्यातल्या शिपायानं मला वरून खाली बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "याव देश निंदु?" तुझा देश कोणता. मी कन्नडमध्येच सांगितलं, जोयडा. शेजारचा हसला. मग म्हणाले, आधी इतके दिवस नाचलीस, तेव्हा अपमान झाला नाही?

"झाला," मी म्हटलं. "रोज झाला. आज लिहून द्यायला आले."

उद्या ये म्हणाले. उद्या साहेब नव्हते. परवा कागद चुकला. मी जात राहिले. आई सोबत यायची, बाकावर बसायची, पान चघळायची. शेवटी कारवारला मोठ्या साहेबांच्या दारात जाऊन बसलो. आम्ही अनुसूचित जमातीतल्या, कायदा काय म्हणतो ते मी वाचून गेले होते. तेव्हा कुठं तक्रार घेतली.

न्याय मिळाला असं कोणी समजू नये. मॅनेजर तिथंच आहे. नाचही चालू आहे. आमच्या जागी लांबच्या वाडीतल्या बाया आणल्या आहेत. मी त्यांना भेटायला गेले. एकीनं मला बघून दार लावून घेतलं. दुसरी चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "तू शिकलेली, तू बोलतीस. मी नाच सोडला तर ह्या चुलीवर काय शिजवू? तुजं भाषण?"

नाच सोड, असं मी तिला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, साडीत नाच. आपल्या भाषेत गा. कोणी हात लावला तर ओरड, आणि मला बोलाव. तिनं चुलीत लाकूड सारलं. पण मी निघाले तेव्हा तिनं विचारलं, तुझं घर कुठल्या वाटेला.

वाडीतले जाणते येऊन गेले. मिटवून घे म्हणाले. सिद्द्यांचं नाव खराब होतंय म्हणाले. एकानं तर आईला तोंडावर सांगितलं, पोरीला शिकवलंस तिथंच चुकलीस. आई म्हणाली, "व्हय. आनी एक असती तर तिलाबी शिकवली असती."

मी आता अणशीकडं लहान मुलांच्या शिकवण्या घेते. घर जेमतेम चालतं. अण्णा वेगळा राहतो. आता साक्षीची तारीख लागली आहे. अण्णानं बायकोकडून निरोप धाडला. कोर्टात माझं नाव घेतलंस तर तू माझी कोण न्हाईस.

निरोप मी ऐकून घेतला. वहिनीला चहा दिला. ती गेली.

भाऊ आहे. लहानपणी ओढा ओलांडताना मला खांद्यावर घ्यायचा. त्याची जीप जाईल, त्याची पोरं लहान आहेत, हे सगळं मला माहीत आहे. पण तो मॅनेजर आणि ते मालक आमच्या असल्याच मायेवर जगतात. आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो आणि त्यांचं साधतं.

मी कोर्टात जाणार. आईला तिथं कोणी आणलं, विचारतील. आम्ही निघालो तेव्हा दमाम कोण वाजवत होतं, विचारतील. मी भावाचं नाव सांगणार. पूर्ण नाव. बापाच्या नावासकट.